कंडक्टरबाईंचे थांबे

माझ्या मावशीने तीसेक वर्षं तो घाट पाठीने पाहिला. ती बसमध्ये कंडक्टर होती आणि कंडक्टरचं तोंड कायम प्रवाशांकडे. बाहेर बर्फाची शिखरं, खाली खोल नदी, खिडकीशी बसलेली मंडळी एकमेकांना "अरे, ते बघ, ते बघ" करतायत, आणि मावशी दांड्याला पाठ टेकवून, वळण आलं की पाय रोवून विचारतेय, "मागे कुणी तिकिटाचं राहिलंय का?" एकदा एक हौशी प्रवासी तिला म्हणाला, "बाई, नशीबवान आहात. रोज हा देखावा!" मावशी म्हणाली, "देखावा तुमच्या बाजूला आहे. माझ्या बाजूला तुम्ही आहात."

ती बोलायला अशीच. फटकळ, पण मनात काही ठेवणार नाही. अख्खा डेपो तिला कंडक्टरबाई म्हणायचा.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, त्याच डेपोत मेकॅनिक. त्यांचा जन्म गाड्यांखाली गेला, पण गाडीत बसवलं की दुसऱ्या वळणाला चेहरा पांढराफटक. बसचा मेकॅनिक आणि बस लागते! त्यांचं लग्न ठरलं तेव्हा डेपोतल्या लोकांनी म्हटलं होतं, "बायको गाडीत, नवरा गाडीखाली, यांची गाठ पडायची कशी?" गाठ पडली आणि चांगली घट्ट बसली. मावशी काकांना अजून मिस्त्री म्हणते, आणि काका तिला बाई. ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं ड्युटीवरच आहेत. बोलायचं काम सगळं मावशीकडे. काकांच्या वाट्याला मान हलवणं.

गोधड्यांचं वेड तिला नोकरीतच लागलं. घाटापलीकडच्या डेपोत परतीच्या फेरीपर्यंत बसून राहावं लागे. विश्रांतीच्या खोलीत दोन बाकं, एक रुसलेली शेगडी आणि खिडकीला बोटभर फट. त्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याला वैतागून मावशीने जुन्या खाकी सदऱ्यांची एक गोधडी शिवली. दिसायला ती पोत्याची सख्खी बहीण होती, पण ऊब अशी की दुसऱ्या पाळीच्या बायका तिच्यासाठी भांडायला लागल्या. मग दुसरी झाली, तिसरी झाली. पुढे मावशीला कुठल्याही कापडाकडे साध्या नजरेने बघता येईना. कुणी नवीन सदरा घालून दिसलं की ही मनातल्या मनात त्याचे चौकोन पाडायची.

पण बस थांबणार ती बसच्या थांब्यावर. पुलापलीकडे एक कापडाचं दुकान होतं, दारात रंगीबेरंगी तागे उभे केलेले. बस त्याच्यासमोरून धूळ उडवत निघून जायची. मावशी नोकरीभर त्या दुकानासमोरून गेली आणि एकदाही उतरू शकली नाही. खिंडीतल्या चहाच्या घरात बायका शेगडीभोवती शिवत बसलेल्या दिसायच्या, तिथेही चहाचा पेला हातात येईपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा.

रिटायर झाल्यावर तिने गाडी चालवायला शिकायचं काढलं. शिकवणारा मास्तर म्हणाला, "बाई, आरशात बघत जा. मागे काय चाललंय ते कळलं पाहिजे." मावशी म्हणाली, "मास्तर, मागचं मला आरशाशिवाय कळतं. मला पुढचं शिकवा."

गाडीचं कारण होतं हिवाळा. त्यांचं राहतं गाव उंचावर. थंडीत नळ गोठतात, आणि काकांचे गुडघे नळांच्याही आधी. डोंगरापलीकडे खालच्या गावात काकांच्या थोरल्या बहिणीच्या दोन खोल्या होत्या, सायकलच्या दुकानावर. ती गेल्यावर त्या काकांकडे आल्या. लहानशाच, पण दिवसभर ऊन. तेव्हापासून बर्फ पडायला लागायच्या आत दोघं खाली उतरतात आणि रस्ते मोकळे झाले की परत वर. बसने हा प्रवास एका दिवसाचा. मावशीच्या गाडीने चार-पाच दिवस लागतात, कारण आता थांबे ती ठरवते.

निघताना गाडीत दर वर्षी एक गोधडी असते, जवळजवळ पुरी होत आलेली. ती खालच्या घरातल्या पलंगासाठी. त्या पलंगावर बहिणीच्या वेळचं एक ब्लँकेट होतं, खांदे झाकले की पाय उघडे, पाय झाकले की खांदे. पण गोधडी त्या घरापर्यंत कधी पोचायचीच नाही. कुठल्यातरी थांब्यावर कुणाचं तरी छप्पर गळत असायचं, कुणाच्या तरी घरात लग्न निघालेलं असायचं. एका वर्षी तर एका बाईने नुसतं "किती सुरेख हो" म्हटलं आणि मावशीने घडी घालून तिच्या हातात दिली. काका मान हलवायचे. खाली पोचल्यावर दोघं पुन्हा त्याच ब्लँकेटची ओढाओढ करायची.

मग एका वर्षी मला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. मागच्या सीटवर मी, दोन बोचकी आणि गोधडी. पुढे मावशी, आणि तिच्या शेजारी काका, हातात अर्धं लिंबू, नजर थेट बॉनेटवर. त्या वेळची गोधडी निळी होती. काकांचे डेपोतले कामाचे कपडे, त्या अंगभर डांगऱ्या, मावशीने उसवून तिच्यात घातल्या होत्या. वर्षानुवर्षं धुतलेलं ते कापड, कुठे गडद, कुठे आभाळासारखं फिकट, मधेच ऑइलचा न निघालेला एखादा डाग. शेवटची एक ओळ राहिली होती. तिला रंग मिळत नव्हता.

पुलापलीकडच्या दुकानाच्या मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "आलात! मी म्हटलं, या वर्षी घाट आधी बंद होतोय का बाई आधी येतायत."

"घाटाची काय बिशाद," मावशी म्हणाली, आणि आत घुसली.

मालकीणबाईंनी वर्षभराचे उरलेसुरले तुकडे तिच्यासाठी एका पोत्यात राखून ठेवले होते. ते पोतं जमिनीवर रिकामं झालं आणि दोघी त्याच्याभोवती मांडी घालून बसल्या. शेवटी दोन पिवळे तुकडे उरले. एक हळदीचा, एक लिंबाचा. निळ्यावर हा ठेव, तो ठेव, काही ठरेना.

काका बाहेर पायरीवर बसून हवा खात होते. तिथूनच म्हणाले, "हळदीचा घ्या. लिंबू आता नको."

मालकीणबाई एवढ्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मावशीने मात्र वळून काकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत गोधडीबद्दल त्यांनी काही सुचवलेलं मला तरी आठवत नव्हतं, आणि तिलाही नसावं. तिने हळदीचा घेतला. लिंबाचाही घेतलाच. कापड सोडून येणं तिच्या रक्तात नाही.

पुढे चढ लागला. मावशी हळू चालवते, आणि जिथे रस्ता रुंद होतो तिथे गाडी बाजूला घेऊन उतरते. कमरेवर हात ठेवून दरीकडे बघत राहते. झाडं वरपासून खालपर्यंत पिवळी झाली होती. नदी इतकी खाली की आवाज येत नव्हता. पलीकडच्या कड्यावर पहिला बर्फ चिकटला होता. "कळलं का," मला म्हणाली, "लोक एकमेकांना का बघ बघ म्हणायचे ते." मागून बस आली. ड्रायव्हरने ओळखून हॉर्न वाजवला आणि तिच्या जागी आता असलेल्या कंडक्टर पोरीने पाठमोरा हात हलवला. "वळू नकोस गं, पडशील!" मावशी ओरडली. बस गेली. काका तेवढ्यात रस्त्याच्या कडेला चार पावलं चालून आले आणि म्हणाले, "चला, आता दहा वळणं सहन होतील."

दुपारी खिंडीत पोचलो. चहावाल्या बाईंनी चूल मोठी केली, मागच्या खोलीत शेगडी पेटवली. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. महिन्याचं बाळ टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, नाक लालबुंद. मावशीने गोधडी जमिनीवर पसरली, हळदीची ओळ जोडली, आणि आम्ही चारही बाजूंनी बसून धावदोरा घालायला लागलो. माझ्या बाजूला येऊन मावशी थांबली. "हे टाके आहेत का मुंग्यांची पळापळ?" म्हणाली, पण उसवले नाहीत.

ऊन कलेपर्यंत शेवटचा टाका पडला. आता फक्त कडा राहिल्या होत्या. लेकीने बाळाला सहज गोधडीच्या मधोमध ठेवलं. ते हातपाय झाडून गप्प झालं आणि झोपून गेलं. मी मावशीचा चेहरा पाहिला आणि समजले, ही गोधडीही इथपर्यंतच.

"राहू दे त्याच्या अंगाखाली," मावशी म्हणाली. "तुम्हीच ठेवा."

"नाही," दारातून आवाज आला.

काका होते. हातात रिकामा पेला. आम्ही सगळ्याच त्यांच्याकडे बघायला लागलो, तसे त्यांचे कान लाल झाले.

"काय म्हणालात, मिस्त्री?"

"ही द्यायची नाही."

"अहो, बाळ आहे ते."

"बाळ एवढंसं आहे. गोधडी दोघांची आहे." काकांनी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. "माझ्या डांगऱ्या आहेत तिच्यात. आणि मला हवीये ती. दर वर्षी वाटतं, या वेळची येईल घरी. बोलत नाही मी, पण वाटतं."

मावशीने हातातली सुई रिळात खोचली. म्हणाली, "मग आधी सांगायला तोंड नव्हतं का?" पण आवाज अगदी खाली आला होता.

"तोंड होतं," काका म्हणाले. "पण गाडीत ते उघडायची सोय नसते."

आधी चहावाल्या बाईंना हसू फुटलं, मग लेकीला, मग आम्हा सगळ्यांनाच. बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. चहावाल्या बाईंनी त्याला उचललं. "अहो, एवढ्या मोठ्या गोधडीत मला नातू हुडकावा लागेल. न्या बाई, घरी न्या."

"नेते," मावशी म्हणाली. "पण उद्या आम्ही निघत नाही. उद्या बाळाचं दुपटं होईल."

दुसऱ्या दिवशी बाहेर भुरभुर बर्फ पडत होता आणि आत आमचा कारखाना चालू होता. अस्तराला चहावाल्या बाईंनी मऊ झालेली जुनी चादर दिली. वरच्या बाजूला पोत्यातले तुकडे, मधे लिंबाचा पिवळा. कापायचं काम काकांनी आपणहून घेतलं. इंजिनचं पॅकिंग कापावं तसे, जीभ दाताखाली धरून, एकेक चौकोन. मधूनच बाळाच्या अंगावर धरून बघायचे, माप म्हणून असेल किंवा उगीचही. संध्याकाळी बाळ दुपट्यात होतं आणि काका आमच्या गोधडीच्या घडीवर हात ठेवून बसले होते, ती परत कुणाला दिली जाऊ नये म्हणून.

मी आणि मावशी लाकडं आणायला मागच्या अंगणात गेलो. बर्फ थांबला होता. मावशी म्हणाली, "जन्मभर लोक माझ्याकडे काही ना काही मागत आले बघ. तिकीट, सुटे, बसायला जागा. या माणसाने कधी काही मागितलं नाही. मला वाटायचं, याला काही नकोच असतं." मग तिने लाकडांचा भारा उचलला आणि म्हणाली, "बरं वाटलं गं मागितलं ते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरंच वाटलं."

उतारावर आणखी एक थांबा होता. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठवड्यातून एकदा गावातल्या बायका गोधड्या घेऊन जमतात. दर वर्षी काका खाली गाडीत बसून राहायचे. या वेळी वर आले. एकीने विचारलं, "यंदा कुणाला देताय?" मावशी म्हणाली, "घरच्यालाच. तक्रार आली होती." काकांना कोपऱ्यात खुर्ची मिळाली, चष्मा मिळाला आणि सुया ओवायचं काम मिळालं. चारही कडा तिथेच पुऱ्या झाल्या.

खालच्या घरी पोचलो तेव्हा भर दुपार होती. खिडक्या उघडल्या तसं ऊन थेट पलंगापर्यंत आलं. मी झाडू घेतला, मावशीने नळ सोडून बघितला, आणि जुनं ब्लँकेट खिडकीत वाळत पडलं. गोधडी पलंगाला जरा मोठीच झाली होती, एका बाजूने जमिनीला टेकत होती. काका म्हणाले, "जरा पाठ टेकतो," आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मावशीने स्वयंपाक करताना भांडी एकदाही आपटली नाहीत. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

मावशी अजून दर वर्षी एक गोधडी करते आणि वाटेत मोकळ्या हाताने देऊन टाकते. त्याबद्दल काकांची काही तक्रार नसते. त्यांची निळी मात्र हिवाळ्यात खाली जाते, उन्हाळ्यात वर येते, स्वतंत्र पिशवीत, त्यांच्या मांडीवर. मागच्या वर्षी खालच्या घरी मी सहज म्हटलं, "काका, ही मला द्या ना."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं, घसा साफ केला आणि विचारलं, "चहा घेणार का गं थोडा?"