लिफ्टमधून घरी आलेलं इंग्रजी

लिफ्टमनने पाचवीत शाळा सोडली, की शाळेने त्याला सोडलं, याबद्दल घरात दोन मतं होती. इंग्रजी मात्र त्याला शाळेत मिळालं नाही हे नक्की. ते मिळालं लिफ्टमध्ये. नऊ मजल्यांची, कचेऱ्यांनी भरलेली इमारत, जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट, आणि कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलावर हा. वकील, विमावाले, जहाजांच्या मालाची कागदपत्रं करणारे, सगळे त्याच्या पाठीमागे उभे राहून बोलायचे. लिफ्टमनला कान असतात हे कुणाच्या ध्यानीमनीही नसायचं. बोलणं रंगात आलं की नेमका त्यांचा मजला यायचा, मंडळी उतरून जायची आणि पुढे काय झालं ते कळलं नाही म्हणून हा दिवसभर हळहळायचा.

त्या बोलण्यातून रोज एखादा जड शब्द तो पकडायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंना अर्थ विचारायचा. लिहून ठेवणं त्याला पटत नसे. "कागदावर उतरवला की शब्द कागदाचा होतो, तोंडात बसला की आपला," असं तो म्हणे. म्हणून त्याचा नेम असा, की आज मिळालेला शब्द झोपायच्या आत घरात कुठेतरी वापरायचाच. आणि घरात ऐकायला होतं कोण? बायको.

बायको काज-बटणाचं काम करायची. शिंप्यांकडून सदऱ्यांचे गठ्ठे यायचे, ती खिडकीपाशी बसून काजं करायची, आणि संध्याकाळी नवऱ्याचं इंग्रजी ऐकून तिच्या नाकी नऊ यायचे. कितीही आवळला तरी ठिबकणारा नळ 'ऑब्स्टिनेट' असायचा. भाजीवालीचा भाव 'एक्झॉर्बिटंट' असायचा. एकदा तिने चिडून अबोला धरला, तर तुझा अबोलासुद्धा 'एलोक्वंट' आहे, फार बोलका आहे, असं त्याने ऐकवलं. तिला हसू फुटलं आणि इतक्या कष्टाने धरलेला अबोला फुकट गेला.

"अहो, समोरच्याला झेपेल असं बोलावं माणसाने," ती म्हणायची.

"तुला सगळं कळतंय."

"कळत असेल. पण माझ्या तोंडून त्यातला एक शब्द निघायचा नाही. एका घरात एक साहेब पुरे."

तिने तो हट्ट संसारभर चालवला. इतका, की लिफ्टलाही ती 'तुमचा पाळणा' म्हणायची. शेजारपाजारही लिफ्टमनला 'साहेब' म्हणून चिडवायचा आणि तो ती पदवी गंभीरपणे स्वीकारायचा.

नोकरी संपून वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून वस्तरा गळला आणि तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला तो बसलाच. उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली.

काही आठवड्यांनी आवाज परतला, पण मराठी परतली नाही. पाणी म्हणता येईना, भूक म्हणता येईना. बायकोला हाक मारता येईना, की लेकीचं नाव घेता येईना. यायचे ते फक्त लिफ्टमधले शब्द, तेही एकेकटे. डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं, त्यांना कळतं सगळं, फक्त हवा तो शब्द सापडत नाही. शेजारी भेटायला यायचे, "काय साहेब, आज कोणता शब्द?" म्हणून हसायचे. हसणारी माणसं जुनीच होती आणि हसण्यात वाईट हेतू नव्हता, पण बायकोच्या ते काळजाला लागायचं.

त्याची भाषा आता तिलाच तेवढी कळत होती. पेला टेबलाच्या काठावर राहिला की तो 'प्रिकॅरिअस' म्हणायचा. सूपमध्ये मीठ कमी पडलं की 'इन्सिपिड'. ती पेला आत सरकवायची, मीठ घालायची. तिला नवल वाटायचं ते स्वतःचं. यातला एकही शब्द शिकायला म्हणून ती बसली नव्हती, आणि एकही शब्द तिला अडत नव्हता. ज्या शब्दावरून भांडण झालं होतं तो शब्द भांडणासकट डोक्यात बसला होता. उत्तर मात्र ती मराठीतच द्यायची.

लेक दुसऱ्या गावी होती. तिच्या घराला लागून तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. "आई, इथलं सगळं आवरा आणि दोघं माझ्याकडे चला," असा तिचा धोशा होता. "तू एकटी त्यांना उचलतेस, बसवतेस. उद्या तुझीच कंबर गेली तर?"

"माझं काय गं, मी कुठेही राहीन," आई म्हणायची. "पण बाबांचं मन लागायचं नाही. जन्म गेला त्यांचा इथे."

दर वेळी फोनवर हेच. शेवटी त्या खोल्यांच्या मालकाला कळवायची वेळ आली, तेव्हा लेक स्वतः आली. बापाच्या पलंगाशी बसली आणि मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तशी बोलली.

"बाबा, माझ्याकडे राहायला यायचं ना?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले. मग शब्द आला.

"रिलक्टंट."

"काय म्हणाले?"

"तू पहिल्यांदा शाळेत जायला निघालीस ना, तेव्हाचा शब्द आहे तो," आई म्हणाली. "दाराची चौकट धरून बसली होतीस. जायचं असतं, पण मन घेत नाही, पाय मागे ओढतो, ते. बघ, मी सांगत नव्हते? त्यांना नाही यायचं."

हे बोलताना तिला केवढं हायसं वाटलं. पण पलंगावर तो मान हलवत होता. नाही, नाही. चेहरा लाल झाला होता. "रिलक्टंट," तो पुन्हा म्हणाला, आणि डावा हात चादरीवर आपटला.

आपलं काहीतरी चुकतंय हे तिला कळलं. ती त्याच्यावर वाकली. जो हट्ट तिने संसारभर सांभाळला तो त्या क्षणी तिला आठवलाही नाही.

"तुम्ही?" तिने विचारलं. "तुम्ही... रिलक्टंट?"

त्याने मान हलवली. नाही. मग डावा हात सावकाश उचलून तिच्याकडे बोट केलं.

"यू," तो म्हणाला. आणि उत्तराची वाट पाहत राहिला.

ती पलंगाच्या कडेवर बसली. गेले कित्येक महिने ती लेकीला 'बाबांचं मन' सांगत होती, आणि ते सगळं तिचं स्वतःचं होतं. ही खिडकी तिची होती. तिची काजं पाहूनच शिंपी लांबून गठ्ठे पाठवत होते. या जिन्यावर ती अमकीची आई म्हणून नाही, काजवाली म्हणून ओळखली जात होती. लेकीच्या घरी तिला सगळं मिळालं असतं, फक्त हे मिळालं नसतं. पण एवढ्यासाठी आजारी माणसाची सोय नाकारायची म्हणजे लोक काय म्हणतील, आणि लेक काय म्हणेल? म्हणून तिने नवऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली होती, तीही त्याचा खांदा लुळा पडल्यावर. तिला स्वतःची शरम वाटली. आणि त्याला पाणी मागता येत नसताना त्याने हा शब्द तिच्यासाठी शोधून काढला होता.

"हो," ती त्याला म्हणाली. "मीच."

त्याने डोळे मिटले.

"आई, काय चाललंय तुमचं?" लेकीने विचारलं.

"बाबांची ना नाही," आई म्हणाली. "ते कुठेही यायला तयार आहेत. ना माझी आहे."

"मग इतके दिवस तसं सांगायचंस की! मी बाबांवर चिडत होते."

"कुणी विचारलं होतं मला?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मीसुद्धा स्वतःला नाही विचारलं. आज यांनी विचारलं."