उतारावरचा गाडीतळ

जिनिंग फॅक्टरीच्या मागची जमीन नाल्याकडे उतरत होती. कापसाच्या हंगामात चिखलीला येणाऱ्या बैलगाड्या तोवर रस्त्यावरच उभ्या राहत, आणि अवकाळी सर आली की माल भिजे. म्हणून मालकाने त्या जागेवर छपराचा गाडीतळ बांधायचे ठरवले. जमीन सपाट करणे परवडणारे नव्हते. तेव्हा फरशीच उताराची ठेवायची, गाडीने वरून आत यायचे, रांगेत थांबायचे आणि पाळी आली की खाली वजनकाट्यावर जायचे, असे ठरले. नवे राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली असतील.

नकाशा माझ्या थोरल्या भावाने काढला. तो गावातल्या एका इंजिनिअरकडे ड्राफ्ट्समन होता. उताराच्या तळाशी काट्याची खोली होती आणि त्या खोलीत बसून गाड्यांची वजने लिहिणारे कारकून आमचे वडील होते. मी बुलढाण्याच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. दसऱ्याला, म्हणजे गाडीतळाच्या मुहूर्ताला, घरी आलो होतो.

मालकाला नकाशा वाचता येत नसे. त्याच्यासाठी भावाने उन्हाळ्यात पुठ्ठ्याचा नमुना केला होता. काम किचकट होते. छप्पर सरळ आणि फरशी तिरपी, त्यामुळे प्रत्येक खांबाची उंची वेगळी. खांब बांबूच्या काड्यांचे, गाड्या आगपेटीच्या काड्यांच्या, चाके वहिनीच्या पोलक्याच्या बटणांची. काट्याची खोली म्हणजे एक रिकामी आगपेटी. उतारावर गाड्यांच्या रांगा, तोंडे खाली काट्याकडे, सगळ्या डिंकाने चिकटवलेल्या. मालक खूश झाला. नमुना पावसाळाभर त्याच्या कचेरीत टेबलावर होता, आणि मागे त्याच्याबरहुकूम बांधकाम चालले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कचेरीला चुना लावायचा म्हणून नमुना घरी परत आला. भावाने वरचे फडके काढले. एकही गाडी जागेवर नव्हती. पावसाळी हवेने डिंक सुटला होता आणि सगळ्या गाड्या घसरून तळाशी आगपेटीवर ढीग होऊन पडल्या होत्या.

वहिनी हसली. "सगळे एकाच वक्ती मामंजीकडं वजन करायले आले वाटते. आन् माही बटनं द्या आता परत."

भाऊ हसला नाही. त्याने एक गाडी उचलून वरच्या टोकाला ठेवली आणि बोट काढले. गाडी खाली गेली आणि आगपेटीवर आपटली. त्याने पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

"काय झालं?" मी विचारले.

"गाडी थांबली की आपला माणूस आधी काय करते?"

"बैल सोडते."

"मंग गाडीचा पुढचा दांडा, धुरा, भुईले टेकते. मातीत रुतते, म्हणून गाडी जागेवर राह्यते. तिथं माती कुठं हाये? गुळगुळीत फरशी हाये. अन् उतार हाये." त्याने आगपेटीवरच्या गाड्या हाताने बाजूला केल्या. "मी चिकटवल्या होत्या म्हणून उभ्या होत्या."

वडील घरी आल्यावर त्याने त्यांना पाणी दिले आणि तो तिथेच उभा राहिला.

"अण्णा, उद्या काट्यावर बसू नका."

"काऊन?"

"गाड्या घरंगळतीन."

"लोक चाकाले गोटे लावतात. आजवर लावतच आले."

"गोटे कुठून आणतीन? मुहूर्तासाठी सारं आवार झाडून घेतलं मालकानं."

वडिलांनी टोपी खुंटीला लावली. "मंग मालकाले काय सांगू? पोरानं काढलेल्या नकाशाचं भेव वाटून राह्यलं, सुटी द्या?"

भावाने रिकामा पेला उचलून आत नेला.

सकाळी तो मालकाकडे गेला. गाड्या उताराला आडव्या लावू द्या, म्हणाला. आडवे चाक घरंगळत नाही.

"आडव्या लावल्या तर निम्म्याच बसतीन," मालक म्हणाला. "आजच्या दिवस लाव. उद्यापासून रांगेत."

भावाने फरशीवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि तो वरच्या दाराशी उभा राहिला. मी काट्याच्या दाराशी होतो. वडील आत, नेहमीप्रमाणे उताराकडे पाठ करून बसले होते. काट्याची दांडी त्यांच्यासमोर होती. पहिल्या गाड्या सांगितल्याप्रमाणे तळाकडच्या रांगेत आडव्या लागल्या. लोक थट्टा करत होते. "रुसल्या नवऱ्या मुलासारख्या आडव्या काऊन उभ्या केल्या, राजेहो?"

मग उंद्री गावचा एक गडी आला. त्याच्या दोन गाड्या होत्या आणि हाकणारा तो एकटाच. आमच्याकडे मागच्या गाडीचे बैल पुढच्या गाडीला दोरीने बांधून आणतात. एवढी लांब जोडी आतल्या वाटेत आडवी वळेना. पुढची गाडी वळता वळता खालीच तोंड करून थांबली. त्याने मागची दोरी सोडली आणि पुढच्या जुवाला हात घातला.

"अहो, सोडू नका!" भाऊ ओरडला.

"काऊन बे? बैल माहे हायेत का तुहे? तहानले ते!"

आसपासचे हसले. त्याने जू उचलले, बैल बाजूला झाले, आणि धुरा फरशीवर पडला. गाडी क्षणभर थांबली, मग निघाली. चाकाची लोखंडी धाव दगडावर घासल्याचा आवाज आला. नंतर फक्त तो आवाजच होता. भाऊ तिच्यामागे धावला. भरलेली गाडी हाताने थांबत नाही हे त्याला माहीत असणारच.

ती तळाच्या आडव्या रांगेवर आदळली. तिथली एक गाडी हातभर सरकली, मोडली आणि दोन्ही अडकून थांबल्या. कापूस काट्याच्या उंबऱ्यापर्यंत उडाला. कोणाला लागले नाही.

वडिलांनी मागे वळून पाहिले नव्हते. लेखणी हातात तशीच होती.

"थांबली का?" त्यांनी विचारले.

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी लेखणीनेच हमालाला 'पुढची घ्या' अशी खूण केली.

गाड्या रांगेत लावण्याचे मालकाने पुन्हा काढले नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी टेबल फिरवून उताराकडे तोंड केले. त्यामुळे काट्याची दांडी पाठीमागे गेली आणि वजन वाचायला दर गाडीला मान पूर्ण वळवावी लागे. मान दुखे. वहिनी तेल चोळून देई, टेबल पूर्वीसारखे करा म्हणे. भाऊ समोर असला की तीही तो विषय काढत नसे. निवृत्त होईपर्यंत वडील तसेच बसले. आधी उताराकडे पाहत, मग काट्याकडे, आणि आकडा लिहिण्याआधी पुन्हा एकदा उताराकडे.