मगरीचा घास

मेंग्गाला कापडात मगर विणायची होती, आणि ही हौस काही साधीसुधी नव्हती. बालेह नदीकाठी सगळं गाव एका छपराखाली नांदायचं, त्या त्यांच्या लांबघरात मनात आलं म्हणून कुणी मगर विणत नाही. आधी मगरीनं स्वप्नात येऊन हो म्हणावं लागतं. न विचारता विणली तर ती विणणारीलाच खाते. मेंग्गाच्या स्वप्नात चाळीस वर्षं मगर फिरकली नाही. मग ती काय विणणार? नेच्याचे वेटोळे कोंब, वेली आणि बेडूक. बेडूक मात्र असे विणायची की बघणाऱ्यानं दचकून पाय मागे घ्यावा. तरी थोरली नणंद सेंदी ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणायचीच, "आल्या बघा आमच्या बेडूकराणी."

साठाव्या वर्षी मगर आली एकदाची. मेंग्गा सकाळी अंथरुणातून उठली ती नाचतच. पणजीचं जुनं कापड पेटाऱ्यातून काढलं, त्यातली मगर समोर ठेवून तिनं ताण्याच्या उभ्या सुताला तीन महिने गाठी मारल्या; गाठीखाली रंग शिरत नाही, तिथं पांढरी नक्षी उरते. बाईला जेवणाची शुद्ध नव्हती. बारतोंडीच्या मुळांच्या रंगातून सूत लालभडक होऊन निघालं, गाठी सुटल्या, आणि काय सांगू, जबडा वासलेली मगर शेपटीसकट समोर हजर. ओसरीवर बायका गोळा झाल्या.

सेंदीनं वाकून पाहिलं. "अगं मेंग्गा, हिचा घास कुठाय?"

मेंग्गानं पणजीचं कापड पुन्हा उलगडलं. मगरीच्या तोंडापुढे खाणं काढावंच लागतं, नाहीतर उपाशी मगर विणणारीकडे वळते. पणजीच्या कापडात नेमकी तेवढीच जागा उंदरांनी कुरतडलेली होती. मेंग्गानं भोक वगळून बाकी सगळं उतरवलं होतं. रंगलेलं सूत आता काही पुन्हा पांढरं होत नव्हतं.

"जाळून टाक," एकजण म्हणाली. चाळीस वर्षं वाट पाहायची, आणि म्हणे जाळून टाक.

मेंग्गानं माग कंबरेला बांधला, सुईत पांढरा दोरा ओवला आणि विणता विणता जबड्यापुढची जागा भरत गेली. हाताला विचार करावाच लागला नाही. चौथ्या दिवशी दुपारी तिथं एक गुबगुबीत बेडूक बसला होता.

सेंदीनं बेडकावरून बोट फिरवलं. मग डोळे पुसत हसायला लागली. "चाळीस वर्षं मी तुला चिडवत होते गं. आणि तू आपली हिच्यासाठी चारा जमवत होतीस."

"मग काय वन्सं," मेंग्गा म्हणाली, "पाहुणी यायची होती ना."