वाढप्याला कुणी विचारत नाही

काल पुसेगावात एका लग्नाच्या मांडवात शिरलो आणि वरणावर नुकत्याच पडलेल्या लसणाच्या फोडणीचा वास आला. हजार माणसांचं वरण चुलाणावर शिजतं, तेव्हाच तो वास येतो. घरी कितीही लसूण तळा, जमत नाही. मन एकदम आठ-दहा वर्षं मागे गेलं.

तुम्हीही कधी पदवी घेऊन घरी बसला असाल, तर लग्नाला जाण्याची धास्ती मी वेगळी सांगायला नको. चप्पल काढायच्या आत एखादा मामा विचारतोच, "सध्या काय करून राहिला?" मी तेव्हा हिंगोलीच्या अभ्यासिकेत तलाठी भरतीची तयारी करत होतो. पहिल्या वर्षी हे उत्तर ऐटीत दिलं, दुसऱ्या वर्षी खाली मान घालून. तिसऱ्या वर्षी एका मित्राने तोड काढली. हा साखरा गावचा, अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा, बोलायला कमी पण डोक्याने भारी. म्हणाला, "बादली उचल. वाढप्याला कोनी काही इचारत न्हाई." आणि खरंच की, हातात वरणाची बादली असली म्हणजे माणूस काय करतो ते दिसतंच. लोक फक्त "इकडं आण" म्हणतात. मग ओळखीपाळखीच्या प्रत्येक लग्नात आम्ही हजर, तो भात घेऊन पुढे, मी वरण घेऊन मागे. पोरं कामसू आहेत म्हणून कौतुक व्हायचं. आम्ही लपलो आहोत, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

खरं तर अभ्यासावरून माझं मन केव्हाच उडालं होतं. पुस्तक उघडलं की छाती धडधडायची. पण हे सोडून करायचं काय, ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं सांगायची सोय कुठेच नव्हती. घरी तर नव्हतीच. त्या भीतीत मी फार एकटा होतो.

निकाल आला. मित्र निवडला गेला, मी राहिलो. पुढच्याच लग्नात त्याला टॉवेल-टोपी देऊन पहिल्या पंगतीला बसवलं आणि मी बादली घेऊन त्याच्या पत्रावळीपाशी पोचलो. हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. त्याने वर पाहिलं आणि चारचौघांसारखं सहज विचारून गेला, "मंग, आता काय करून राहिला?" बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. घास हातातच राहिला बिचाऱ्याच्या.

मामांना द्यायचं उत्तर जिभेवर तयार होतं, पण त्याला ते कसं देणार? म्हणालो, "काहीच समजून न्हाई राहिलं, गड्या. लई भेव वाटतंय."

 तो थोडा सरकला, सतरंजीवर जागा केली आणि बादली माझ्या हातून घेऊन पुढच्या वाढप्याकडे दिली. "बस. आदी जेव." पलीकडचे मामा तोंड उघडणार, तोच म्हणाला, "मामा, जेवू द्या त्याला."

पुढच्या रविवारी घरी सांगून टाकलं, अभ्यास सोडतोय म्हणून. मग दोन-तीन कामं धरली, सोडली. आता हळदीच्या बेण्याच्या धंद्यात स्थिरावलोय असं लोक म्हणतात, आणि मीही त्यांना म्हणू देतो. मित्राची बदली दूर झाली, भेटी विरळ झाल्या. त्या दिवशी पानात काय होतं, मी जेवलो तरी की नाही, काही आठवत नाही. दाटीवाटीच्या त्या पंगतीत त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता, एवढं मात्र आठवतं.