वेशीवरचे पाच दगड

वेशीवरचे पाच वीरगळ हलवले तो गुरुवार होता. दादा घरात होता.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसासाठी उभा केलेला दगड. रहिमतपूरकडच्या आमच्या गावात ते एसटीच्या थांब्याला लागून होते. खालच्या चौकटीत ढाली-तलवारी, वर त्या माणसाला न्यायला आलेल्या अप्सरा, सगळ्यात वर पिंड. ती माणसं कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी पलटणीत जाणारा प्रत्येक मुलगा एसटीत चढण्याआधी त्यांना हात लावायचा. माझा थोरला भाऊ तसाच गेला आणि सुभेदार होऊन परत आला.

ती जागा दुकानांच्या कॉम्प्लेक्समध्ये जाणार हे कळल्यावर दादा दारोदार फिरला. साताऱ्यातल्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन मी गावी आले होते. पुस्तकं धुंडाळून त्याला माहिती काढून दिली. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि उसाच्या तोडीचं बोलायला लागायचे.

एकदा शेजारच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "आवं सुभेदार, दगडासाठी कोण येतंय? देव असता तर आख्खं गाव आलं असतं."

"मग करू की देव," दादा म्हणाला.

अमावास्येला त्याने पाचही दगडांना शेंदूर लावला. कोरीवकाम बुजलं म्हणून मी हळहळले.

"अगं, शेंदूर काढता येतो. जागा गेली की गेली."

गाव खरंच आलं. नारळ फुटू लागले, आरती सुरू झाली. दादा पुष्कळ दिवसांनी हसला. "बघ, पलटण उभी राहिली."

मग बिल्डर आला. चपला लांब काढून त्याने दगडांपुढे लोटांगण घातलं आणि तिथेच जमलेल्या लोकांना म्हणाला, "देव असा धुळीत ठेवायचा व्हय? कॉम्प्लेक्सच्या मागं देऊळ बांधून देतो. फरशी, लाईट, समदं."

टाळ्या पडल्या. दादा उठून उभा राहिला.

"ते देव न्हाईत. मेलेली माणसं हायत. जिथं पडली तिथंच ऱ्हाऊ द्या."

मागून कुणीतरी ओरडलं, "सुभेदार, शेंदूर काय आमी फासला व्हय?"

सगळे हसले. काकूंनी दादाचा सदरा ओढला. "बसा आता. देवाचं चांगलं हुतंय, तर आडवं कशाला जाताय?"

गुरुवारी बँजो लावून मिरवणूक निघाली. आवाज आमच्या सोप्यापर्यंत येत होता. दादा कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"लोकं बरीच आल्यात का गं?"

"सगळं गाव आलंय," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. पुन्हा तो थांब्याकडे गेला नाही. दिवाळीच्या आधी वारला.

दगड शाबूत आहेत. देवळाला जाळीचं दार आहे, ते पूजेच्या वेळी उघडतात. पलटणीत जाणारी मुलं पहाटेच्या एसटीने निघतात तेव्हा ते बंद असतं. वीरगळ होते तिथे आता कॉम्प्लेक्सचा जिना आहे.