झाडांवरचं ऊन आणि जाधवकाका

अ‍ॅक्रिलिक रंग फार लवकर वाळतात. आमच्या फतेगंजच्या पेंटिंग क्लासमधले किस्से मात्र कायम ओले! रविवारी सकाळी आम्ही कमाटीबागेत उन्हातली झाडं रंगवायला बसतो. घरी जाताना चित्र अर्धं असतं, किस्सा पूर्ण.

जाधवकाका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांच्या पहिल्याच झाडाच्या खोडावर डावीकडून ऊन आणि उजवीकडूनही ऊन! आमच्या सुप्रियामॅडम गोंधळल्या.

"काका, बडोद्यात दोन सूर्य कधीपासून?"

"मी मधे फाफडा खायला गेलो होतो हो. येऊन बघतो तर हा तिकडे सरकलेला!"

माझ्या शेजारी निमिषाबेन बसतात. पानांतून पडणारे कवडसे दाखवायला मॅडमनी पिवळ्या रंगाचे बारीक ठिपके द्यायला सांगितले. बेन उत्साहात देतच सुटल्या. अख्ख्या झाडीवर कुणीतरी शेव भुरभुरल्यासारखं दिसायला लागलं.

काका वाकून म्हणाले, "बेन, लिंबू पिळायचं राहिलं!"

याच बेनना एकदा ऐन रंगात लेकीचा फोन आला. "केम छे बेटा"पासून निघालेलं बोलणं जावयाच्या पोटदुखीपर्यंत पोचलं. फोन ठेवला तेव्हा ब्रशचा दगड झालेला!

मॅडम वैतागल्या. "आता याने खिळा ठोका!"

"ठोकेन ने! चित्र टांगायला लागेलच."

फिरायला आलेले एक गृहस्थ बराच वेळ काकांच्या मागे उभे होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बहु सरस! पण मोबाइलमां फोटो पाडी लो ने!"

पाय खाजवत काका म्हणाले, "फोटोत डास चावत नाहीत ना!"

पण मागे एका रविवारी काका ब्रश हातात धरून नुसते बसून होते. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं.

मी म्हटलं, "काका, हल्ली ते अगदी सोपं असतं. टेन्शन कसलं घेता?"

"ऑपरेशनचं नाही हो. माझ्या चित्रांना छान म्हणणारी ती एकटीच. आता तिला नीट दिसणार!"

ऑपरेशन उत्तम झालं. आम्ही सगळे भेटायला गेलो. हॉलमध्ये काकांचं उन्हातल्या झाडीचं मोठं चित्र लावलेलं, फ्रेमला जास्वंदीचं फूल खोचलेलं. काकू चित्रासमोर गेल्या. अगदी जवळ. काका पाठोपाठ.

"अहो, ही झाडं आहेत?"

"मग काय!"

"मग मी रोज फूल कुणाला वाहत होते?"