यंत्राच्या खांबाला बांधलेली घंटी

कुरामोचीकाका एकेचाळीस वर्षं आमच्या ओतशाळेत लोखंड ऐकत आले. इंजिनाचा क्रँकशाफ्ट साखळीला टांगायचा, हातोडीने टक् करायचं आणि डोळे मिटायचे. नाद लांब टिकला तर माल चांगला. बद्द वाजला तर आत चीर. त्यांचं चुकलेलं मी पाहिलं नाही, आणि मी इथल्या खानावळीत अठरा वर्षं जेवण वाढते आहे. ते कलिंगड, कप, सुपाचा वाडगाही टिचकी मारल्याशिवाय घेत नसत.

मग यंत्र आलं. ते स्वतः ठोकतं, स्वतः ऐकतं. महिनाभर नीट चाललं की काका निवृत्त, असं ठरलं. काकांना ते नको होतं. घरी बसून माझ्या ताटल्यांना टिचक्या मारायच्या नाहीत, असं त्यांच्या बायकोने आधीच सांगून ठेवलं होतं.

देवळातून पुजारी आले, यंत्राच्या शुद्धीसाठी मीठ शिंपडलं. मालकांच्या नव्वदीच्या आईने, म्हणजे थोरल्या बाईंनी, देवळातली पितळी घंटी लाल दोरीने यंत्राच्या खांबाला स्वतः बांधली. सगळ्यांनी देवळातल्या रीतीने वाकून दोन टाळ्या वाजवल्या. मीही.

दुसऱ्या दिवशी यंत्राने सगळा माल नापास केला. तिसऱ्या दिवशीही. नापास माल पुन्हा भट्टीत जातो. यंत्र बसवणाऱ्या हिराबे इंजिनिअरने तारा बदलल्या, मायक्रोफोन बदलला. काकांनी मात्र पहिल्याच टोल्याला ओळखलं होतं. हातोडी पडली की खांब हादरे, घंटी किणकिणे आणि यंत्र तो आवाज लोखंडाचा समजे. गप्प राहिलं तर नोकरी टिकत होती. काका दोन दिवस गप्प राहिले, जेवलेही नाहीत. चौथ्या दिवशी चांगला माल भट्टीकडे निघालेला दिसला आणि ते मालाच्या गाडीला आडवे गेले.

"हे सगळे धडधाकट आहेत. घंटी वाजतेय, हिराबे-सान. ती सोडा."

हिराबे खाली बघत म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, काका."

"मग?"

"थोरल्या बाईंनी बांधली आहे. तुम्ही सोडता?"

काकांनी हात पाठीमागे घेतले. खरं सांगते, मीही सोडली नसती. देवाची वस्तू, आणि बाई रोज येऊन तिला नमस्कार करतात.

दुपारभर बैठक चालली. घंटीला फडकं गुंडाळावं असं एकाने सुचवलं, तर सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायला गेला. शेवटी घंटीसकटच यंत्राला शिकवायचं ठरलं. काकांनी पन्नास चांगले, पन्नास वाईट क्रँकशाफ्ट निवडून दिले. यंत्र शिकलं. पण आता घंटी रोज त्याच सुरात वाजायला हवी, आणि ती तपासायची कोणी? घंटीशिवाय यंत्राला काहीच कळत नाही. म्हणून काकांना घंटीपरीक्षक नेमलं.

जूनमध्ये एका सकाळी काकांनी नखाने घंटी वाजवली आणि म्हणाले की आज तिचा सूर खाली उतरला आहे. हवा दमट होती. अख्खा कारखाना थांबला. थोरल्या बाईंना बोलावलं. त्यांनी कान लावला आणि आपल्या गुडघ्यांचंही आज तसंच असल्याचं सांगितलं.

काका घंटीला पंख्याने वारा घालत बसले. ऐंशी माणसं हात बांधून उभी होती.

"अजून किती वेळ, काका?" हिराबेने विचारलं.

"घाई असेल तर मी निवृत्त होतो," काका म्हणाले.

हिराबेने दुसरा पंखा उचलला आणि त्यांच्या शेजारी बसला.